दुसऱ्याची थंडी

कार्तिकी यात्रा सरते, पंढरपुरात प्रक्षाळपूजा होते आणि विठ्ठलाच्या पोशाखात थंडीचे कपडे दाखल होतात. पहाटे काकडारतीला अंगावर उबदार शाल, कानांवर कानपट्टी. चैत्रात ऊन तापू लागले की हाच विठ्ठल चंदनाच्या उटीत दिसतो, तो थेट मृगापर्यंत. वारकऱ्याला यात नवल वाटत नाही. घरातल्या म्हाताऱ्याला आणि तान्ह्याला जे लागते ते देवालाही लागत असणार, इतका तो हिशेब सरळ आहे.

राजस्थानातल्या नाथद्वाऱ्यात हा हिशेब फार बारकाईने मांडलेला आहे. तिथली श्रीनाथजींची हवेली १६७२ पासूनची. वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गात कृष्णाची सेवा मूल म्हणून होते. त्याला हळुवारपणे जागे करायचे, न्हाऊमाखू घालायचे, ऋतूप्रमाणे कपडे चढवायचे, दुपारी निजवायचे. हिवाळा लागला की रुई भरलेले जाड अंगरखे निघतात, थंडी वाढली की समोर अंगीठी ठेवली जाते, नैवेद्यात केशर आणि सुकामेवा वाढतो. उन्हाळ्यात हे सगळे जाऊन मलमल, वाळा आणि कारंजी येतात. या मार्गाचा पंढरपूरशी धागा आहे. वल्लभाचार्य पंढरपुरी आले तेव्हा विठ्ठलानेच त्यांना संसार करण्याची आज्ञा केली, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. त्यांच्या धाकट्या मुलाचे नाव विठ्ठलनाथ, आणि सेवेचा आज दिसणारा तपशीलवार क्रम बऱ्याच अंशी या विठ्ठलनाथांनीच सोळाव्या शतकात लावून दिला.

देवाला खरेच थंडी वाजते का? वेदान्त शिकलेल्याचे उत्तर तयार असते: थंडी शरीराला वाजते, ब्रह्माला शरीर नाही. पुष्टिमार्गीय भक्त ते खोडत बसत नाही. देवाला कशाचीच उणीव नाही हे त्यालाही मान्य आहे. पण यशोदेने पोराच्या अंगावर पांघरूण घालताना तो परब्रह्म आहे का याची चौकशी केली नव्हती, आणि सेवा तिच्या मनाने करायची असते. वाद इथे मिटल्यासारखा वाटतो, तरी एक गोष्ट उरते आणि ती देवापुरती नाही. मूर्ती बोलत नाही. तिला कितपत थंडी वाजत असेल हे सेवकाने ठरवायचे, आणि ठरवायला त्याच्याजवळ एकच माप असते, स्वतःचे अंग. मला हुडहुडी भरली, त्यालाही भरली असेल. तान्ह्या मुलाला कपडे घालणारी आई, आजी, आत्या याच मापाने मोजत असते. दुसऱ्याची थंडी आपल्याला कळते तरी कशी, हा मग खरा प्रश्न होतो.

हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानात फार जुना आहे. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाने ‘सन्तानान्तरसिद्धि’ नावाचा एक छोटा ग्रंथ त्यावरच लिहिला. तो आज तिबेटी भाषांतरातून वाचता येतो. दुसऱ्याला मन आहे हे सिद्ध कसे करायचे, एवढाच त्याचा विषय. धर्मकीर्ती म्हणतो, माझ्या बोलण्यामागे, हालचालींमागे माझी इच्छा असते हे मला ठाऊक आहे. तशाच हालचाली मला समोर दिसतात, आणि त्यांच्यामागे माझी इच्छा नसते. मग त्यांच्यामागे दुसऱ्या कोणाची तरी असणारच. धुरावरून अग्नी ओळखावा तसे हे खुणेवरून केलेले अनुमान. अकराव्या शतकात रत्नकीर्तीने ‘सन्तानान्तरदूषण’ लिहून त्यावर हल्ला चढवला. दुसऱ्याच्या इच्छेचा आणि त्याच्या हालचालीचा संबंध मी कधी प्रत्यक्ष पाहिलेलाच नाही, कारण दुसऱ्याची इच्छा मला दिसतच नाही. मग अनुमानाला आधार कुठला?

पंडितांचा हा वाद बाळंतिणीच्या खोलीत आणून पाहावा. मोठ्या माणसाला थंडी वाजली की त्याचे स्नायू थरथरतात आणि त्या थरथरीतून ऊब तयार होते. नवजात बाळ सहसा कुडकुडत नाही. त्याच्या मानेपाशी, दोन फऱ्यांच्या मध्ये, मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबीचा साठा असतो. शरीर ती चरबी जाळून ऊब निर्माण करते, आणि हा सगळा उद्योग बाहेरून दिसत नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळाजवळ तर हा साठाही तोकडा असतो. गारठू लागलेले बाळ सुरुवातीला किरकिरते, रडते. फार गारठले की रडायचेही थांबते. अंग सैल पडते, दूध ओढणे मंदावते, ते पडून राहते. घरातली माणसे कौतुकाने म्हणतात, ‘किती शहाणं आहे, आवाज नाही त्याचा.’ एखाद्या वेळी तो शहाणपणा नसून गारठा असतो. धर्मकीर्तीला जी खूण हवी ती नेमकी इथे नसते, आणि रत्नकीर्तीची शंका कागदावरून उतरून पाळण्यात येऊन बसते.

स्वतःचे अंगही इथे भरवशाचे माप ठरत नाही. वजनाच्या मानाने बाळाची कातडी मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त पसरलेली असते. एकट्या डोक्याचा वाटा त्यातला जवळपास एक पंचमांश. त्यात ते जन्मते ओले. बाळंतपणाच्या श्रमाने आईला घाम फुटलेला असतो, सुईणीला उकडत असते, कोणीतरी पंखा लावते, आणि त्याच खोलीत उघडे ओले बाळ काही मिनिटांत गार पडू लागते. हे मे महिन्यातही घडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार नवजाताचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. त्याच्या खाली गेले की गारठ्याचा धोका सुरू होतो आणि ३२ अंशांच्या खाली तो जिवावरचा असतो. मधले हे थोडेसे अंश मोठ्या माणसाच्या अंगाला कळतही नाहीत. म्हणूनच जन्मल्याबरोबर बाळ कोरडे करायचे, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे, डोके झाकायचे आणि पहिली आंघोळ निदान २४ तास लांबवायची, असे आता सांगितले जाते. आपल्याकडे जन्मताच न्हाऊ घालण्याची घाई फार. ती सोडायला हवी.

सगळ्यांच्या सुखदुःखाकडे स्वतःच्या उपमेने पाहणारा योगी श्रेष्ठ, असे गीतेचा सहावा अध्याय सांगतो. आत्मौपम्य हा नीतीचा भक्कम पाया आहे, आणि तो नसेल तर दुसऱ्याच्या थंडीचा विचारही कोणी करणार नाही. मात्र ज्याचे शरीर आपल्यासारखे वागत नाही त्याच्याजवळ ही उपमा अर्ध्या वाटेपर्यंतच पोचते. पुढची वाट कशी चालायची?

याचे एक फार सुंदर उदाहरण विनयपिटकात, महावग्गाच्या चीवरांवरच्या भागात येते. भिक्षूंच्या गाठोड्यांत वस्त्रे वाढत चालली होती आणि त्यांना मर्यादा घालायची होती. बुद्ध तेव्हा वैशालीच्या गोतमक चैत्यात होते. ऐन हिवाळ्यातल्या, हिम पडण्याच्या रात्री ते एक चीवर पांघरून उघड्यावर बसले. पहिला प्रहर संपेपर्यंत थंडी वाजली नाही. मग वाजू लागली, त्यांनी दुसरे पांघरले. मधला प्रहर संपता संपता पुन्हा वाजली, तिसरे पांघरले. शेवटच्या प्रहरानंतर, तांबडे फुटताना पुन्हा वाजली, तेव्हा चौथे. एवढ्यावर रात्र सुखाने निभावली. मग त्यांनी नियम केला: दुहेरी संघाटी, एकेरी वरचे चीवर, एकेरी आतले. तीन वस्त्रे आणि चार थर.

या गोष्टीत सर्वांत विलक्षण आहे तो बुद्धांनी मनाशी केलेला विचार. जे भिक्षू थंडीला भिणारे, नाजूक प्रकृतीचे असतील त्यांचेही या तिन्ही वस्त्रांत भागेल, असे ते म्हणतात. ज्याने सहा वर्षे उग्र तप केले त्याने नियम ठरवताना आपल्या सोसण्याचे माप लावले नाही. आपले अंग त्याने चाचणीला लावले, तीही संध्याकाळच्या एका क्षणापुरती नव्हे तर आख्खी रात्र. आणि निकाल मात्र आपल्याहून दुबळ्याच्या बाजूने झुकवला. एका जाड वस्त्राऐवजी थर सांगितले, हेही ध्यानात घेण्यासारखे. ऊब धरते ती थरांमध्ये कोंडलेली हवा, आणि थर वाढवता येतात तसे कमीही करता येतात. मुलाला आत मऊ सुती झबले, त्यावर दुसरे, वर लोकरीचा स्वेटर, पायांत मोजे, बाहेर पडताना कानटोपी, असे कपडे घालण्यामागचे शास्त्र तेच आहे. आतला कपडा घामाने किंवा लघवीने ओला झाला तर वरच्या सगळ्या लोकरीचा उपयोग संपतो, एवढी एकच भर त्यात घालायला हवी.

याच्या अगदी उलट बाजूला युरोपातल्या विचारवंतांची एक लांब रांग उभी आहे. मुलांना थंडी वाजू द्यावी, असे या मंडळींचे म्हणणे. प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की स्पार्टात मुलगा १२ वर्षांचा झाला की त्याला वर्षाला एकच झगा मिळे. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या सातव्या भागात लहानपणापासून थंडीची सवय लावण्याची शिफारस केली आणि सेल्ट लोक मुलांना अपुरे कपडे घालतात याचा दाखला दिला, प्रकृतीलाही बरे आणि पुढे लढाईलाही. १६९३ साली जॉन लॉकने शिक्षणावरच्या पुस्तकात आणखी पुढची मजल मारली. मुलाचे पाय रोज गार पाण्याने धुवावेत, त्याचे बूट इतके पातळ असावेत की ओल्यातून चालताना पाणी आत शिरेल. त्यासाठी त्याने एका सिथियन माणसाची गोष्ट सांगितली. हिमात उघड्या अंगाने फिरणाऱ्या त्या माणसाला अथेन्सच्या माणसाने विचारले, हे तुला सोसते कसे? त्याने उलट विचारले, तुझा चेहरा कसा सोसतो? सवयीने, असे उत्तर आल्यावर तो म्हणाला, मग माझे सगळे अंग चेहराच आहे असे समज. लॉक स्वतः वैद्यक शिकलेला होता, अविवाहित होता, आणि हे पुस्तक एका मित्राला त्याच्या मुलाबद्दल लिहिलेल्या पत्रांतून वाढले. १७६२ मध्ये रूसोनेही ‘एमिल’मध्ये मुलांना हळूहळू गार पाण्याची सवय लावण्याचा पुरस्कार केला. बाळाला पट्ट्यांनी घट्ट आवळून बांधण्याच्या त्या काळच्या रीतीवर त्याने केलेली टीका मात्र रास्त होती.

या सगळ्यांना उत्तर देणारा माणूस लॉक आणि रूसो यांच्या कितीतरी आधीच होऊन गेला होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा इफेससचा सोरेनस. नवजात बाळाला थंड पाण्यात बुडवण्याची रीत काही जमातींत होती. तग धरेल ते सशक्त, न धरेल ते वाढवण्याच्या लायकीचे नव्हते, असा त्यामागचा विचार. सोरेनसने तो मुळातून फेटाळला. एखादे बाळ त्या गारठ्याने गेले म्हणून ते एरवी जगलेच नसते असे सिद्ध होत नाही. आणि जे वाचले त्यालाही इजा झाली नसती तर ते अधिक चांगले वाढले असते. जी परीक्षा मारून मग अपात्र ठरवते तिला परीक्षा म्हणता येत नाही, हा या म्हणण्याचा गाभा आहे. सोरेनस सहसा दाई आणि बाळंतपणाच्या इतिहासातच सापडतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्याला बोलावत नाहीत. या एका परिच्छेदासाठी तरी बोलवायला हवे.

आपल्याकडेही थंडी सोसण्याची थोरवी आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण येतात नि जातात, ते सहन कर, असा उपदेश येतो. वेदान्तातल्या साधनसंपत्तीत तितिक्षेला स्थान आहे. जैन मुनीने जे बावीस परीषह सोसायचे त्यांत थंडीचा परीषह आहे, आणि दिगंबर साधू तो आजही उघड्या अंगाने सोसतात. या साधनेविषयी आदरच वाटावा. पण हा उपदेश कोणाला केला आहे तेही पाहावे. गीतेत तो प्रौढ योद्ध्याला आहे. मुनी दीक्षा मागून घेतो, गुरू त्याला पारखतात, तो हो म्हणतो. तितिक्षेचा अर्थच असा की थंडी वाजते आहे हे जाणून, तिचा प्रतिकार करणे शक्य असूनही, साधक ती सोसतो. आठ महिन्यांच्या मुलाला यांतले काहीच नसते. त्याला थंडीत उघडे ठेवणारा बाप मुलाकडून तितिक्षा घडवत नाही. तो फक्त त्याला गारठवतो. ‘पोरं काटक झाली पाहिजेत’ हे वाक्य डिसेंबरात गावोगाव ऐकू येते, निफाड-धुळ्याकडे पारा पाचाच्या आसपास उतरलेला असतानाही. मोठे झालेले मूल आपणहून स्वेटर काढून मैदानात धावले तर धावू द्यावे. ते त्याच्या अंगाचे ऐकते आहे. पाळण्यातल्या मुलाच्या वतीने कोणालाही काटक होता येत नाही.

मग माप कोणते? उत्तर हाताशीच आहे. न्यायशास्त्राचे पहिले पाठ ज्यावर गिरवले जातात त्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त स्पर्शाचे तीन प्रकार सांगितले आहेत: शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत, म्हणजे ना थंड ना ऊन. ते कळतात त्वचेला. पण त्वचा फसते, हे दाखवणारा प्रसिद्ध प्रयोग पुन्हा लॉकचाच आहे. १६९० च्या मानवी आकलनावरच्या ग्रंथात तो सांगतो की एक हात गार आणि एक हात ऊन असेल तर तेच पाणी एका हाताला कोमट आणि दुसऱ्याला थंड लागते. चुलीपुढून उठलेल्या आजीच्या हाताला नातवंड गार लागेल. भांडी घासून आलेल्या आईच्या हाताला तेच बाळ तापलेले वाटेल. नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या आरोग्यसेविकांना शिकवली जाणारी तपासणी ही अडचण फार साधेपणाने सोडवते. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायांना. पोट उबदार आणि पायही उबदार, तर बाळ ठीक आहे. पोट उबदार पण पाय गार, तर बाळ ऊब राखण्यासाठी झगडते आहे, त्याला आणखी ऊब द्यायची. पोटही गार, तर धोका. ताबडतोब छातीशी घेऊन दवाखाना गाठायचा. एकच हात एकाच बाळाच्या दोन जागांची तुलना करतो, त्यामुळे हात स्वतः गार आहे की ऊन याने निकाल बदलत नाही. जरा मोठ्या, खेळत्या बाळाचे हातपाय एरवीही थोडे गार असतात. त्याची पाठ किंवा मानेची मागची बाजू चाचपावी.

या तपासणीत स्वतःच्या अंगाची साक्ष काढावी लागत नाही. दुसऱ्याला विचारता येत नाही तेव्हा त्याच्याच शरीराची दोन टोके एकमेकांशी ताडून पाहायची. धर्मकीर्ती आणि रत्नकीर्ती यांच्यातला वाद याने मिटत नसेल, पण बाळाच्या जिवापुरता त्याचा निकाल लागतो.

आणि हा निकाल कधी कधी आपल्या मायेच्या विरुद्धही जातो. घामेजलेली मान, लालसर चेहरा, जोराचा श्वास म्हणजे कपडे जास्त झाले. मुलाला थंडी वाजेल या धास्तीने दोन स्वेटर, कानटोपी, वर दुलई, त्यावर गोधडी आणि दारे-खिडक्या बंद, हे दृश्य महाराष्ट्रात दुर्मीळ नाही. झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचा अभ्यास पाश्चात्त्य देशांत झाला तेव्हा पालथे निजवण्याबरोबर अति गुंडाळणे आणि डोके झाकले जाणे हेही धोके म्हणून पुढे आले. घरात निजलेल्या निरोगी, पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोक्यावर टोपी नको आणि तोंडावर येईल असे सैल पांघरूण नको, हा सल्ला त्यातून आला. मोठ्यांच्या अंगावर असतील त्याहून एक थर जास्त, असा साधा अंदाज बालरोगतज्ज्ञ देतात. तोही पोट-पाठ चाचपून दुरुस्त करायचा असतो. बंद खोलीतली शेगडी तर मुळीच नको. तिच्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि धुरीचा धूर तान्ह्याच्या फुप्फुसांना सोसत नाही. इथे मूर्तीची सेवा आणि मुलाची सेवा यांच्या वाटा वेगळ्या होतात. नाथद्वाऱ्यात पोशाख तिथीप्रमाणे बदलतो आणि तिथी चुकली तरी देव ते गोड मानून घेतो. बाळाचे अंग पंचांग पाळत नाही. त्याला तासातासाला पाहावे लागते.

रूढीतही शहाणपण साठलेले असते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बारशाला येणारी कुंची डोके, कान आणि पाठ एकदम झाकते आणि गळ्याशी गाठीखेरीज कुठे आवळत नाही. संक्रांतीला एरवी वर्ज्य असलेला काळा रंग शुभ ठरतो. बोरन्हाणाला मुलाला काळे झबले घालून, हलव्याचे दागिने चढवून बसवतात. पौषातल्या कोवळ्या उन्हात काळे कापड जास्त ऊब शोषते, हे त्या बायकांच्या अनुभवाला माहीत होतेच.

ऊब हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, हे आधुनिक वैद्यकाला मात्र उशिरा पटले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काहीशा थंड पेटीत ठेवणे चालते, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होता. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन यांनी दोन तापमानांच्या पेट्यांची तुलना प्रसिद्ध केली. फरक तीन अंश सेल्सिअसहूनही कमी होता, पण उबदार पेटीतली बाळे स्पष्टपणे जास्त जगली. पेट्या पुरत नव्हत्या म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगार रे सानाब्रिया आणि एक्तोर मार्तिनेस यांनी बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली, आणि कांगारू मदर केअर जन्मली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असे छातीशी धरले तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू एक चतुर्थांशाने कमी होतात, असे दिसले. ज्या कपड्याला बटणे नाहीत, जो ओला होत नाही, आणि ज्याचे तापमान बाळाच्या तापमानाशी जुळलेले असते असा एकच कपडा आहे, तो म्हणजे आईचे अंग. बापाचेही चालते.

महाराष्ट्राने यात जगाला काही दिले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, थोडे शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन घेणे, तापमान मोजणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि बाळ उबदार ठेवणे त्या शिकल्या. त्यांच्या सामानात थर्मामीटरबरोबर बाळाला ठेवायची उबदार पिशवीही होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. देशभरातल्या ‘आशा’ आरोग्यसेविका आज ज्या घरभेटी देतात त्यांची मुळे या ३९ गावांत आहेत.

इथपर्यंत प्रश्न कळण्याचा होता. पण अनेक मुलांच्या बाबतीत कळूनही काही करता येत नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे नेमकी थंडीच्या तोंडावर गाव सोडतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी, बहुधा शेताच्या कडेला, ओलीजवळ. तोड पहाटे अंधारात सुरू होते. आई कोयत्यावर असते म्हणून तान्हे मूल फडात येते, कापडावर नाहीतर झोळीत, दवाने भिजलेल्या उसाच्या कडेला. त्या आईला बाळाचे पाय गार आहेत हे कळत नाही असे कोणी समजू नये. तिला थांबता येत नाही, कारण टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते.

बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकात कर्जाविषयी एक नियम आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्यास्ताआधी परत करावे, कारण त्याच्याजवळ अंगावर घ्यायला तेवढेच असते आणि रात्री तो दुसरे काय पांघरून निजेल? सावकाराचा हक्क तिथे नाकारलेला नाही. रात्रीच्या थंडीपुढे तो थांबवलेला आहे. हा नियम ज्यांनी केला त्यांनी कर्ज घेणाऱ्याच्या अंगाची कल्पना केली होती. उचल देताना त्या कुटुंबातल्या सर्वांत लहान अंगाची कल्पना कोण करते?

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार खर्चाचे नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाच्या घरभेटींचे दिवस ठरलेले आहेत: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. बाईची नोंद बीड जिल्ह्यातल्या गावात असते आणि बाळ कोल्हापूर जिल्ह्यातल्या फडावर. गावची आशा येते तेव्हा घराला कुलूप असते, आणि फडाजवळच्या गावातल्या आशाच्या यादीत ते बाळ सहसा नसते. ती नोंद बाळाच्या मागोमाग जायला हवी. हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच कारखान्याच्या शेतकी कार्यालयातून कोप्यांची यादी जवळच्या आरोग्य उपकेंद्रात पोचायला हवी, आणि तान्ह्या बाळाच्या आईला पहाटेच्या तोडीतून सूट मिळून तिच्या उचलीची फेड तेवढ्यापुरती थांबायला हवी. टोळीतल्या कोणत्या कोपीत तान्हे मूल आहे, हे मुकादमाला गाडी भरतानाच माहीत असते.